आमिष नंतर, आधी पाणी जोखा

गळ घेऊन बसणाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या तर वाटेल की सगळा खेळ आमिषाचाच आहे. एकजण कणकेत हळद घालतो, दुसरा बडीशेप, तिसरा हिंग. चौथा गांडुळाशिवाय कशालाच हात लावत नाही, आणि कोंबडीचं आतडं घेऊन येणाऱ्यापासून बाकीचे जरा अंतर राखूनच बसतात. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचा बांध असो की उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावरचं कुगाव-केत्तूर, "काय घावलं का?" असं विचारलं की उत्तरात आमिषाचं कौतुक तरी येतं नाहीतर त्याच्या नावाने बोटं मोडणं तरी. पण कणीक तीच, गळ तोच, बसायचा दगडही तोच असताना काल पिशवी भरली आणि आज अंधार पडेपर्यंत दोरी हललीसुद्धा नाही, असं का होतं?

मधल्या वेळात पाणी बदललेलं असतं. माशाला भूक लागणं, त्याने खोलात जाणं, काठाला येणं, तोंड उघडणं किंवा मिटून बसणं, हे सगळं आधी पाणी ठरवतं. आमिषाचा नंबर त्यानंतर लागतो. हे पाणी कसं जोखायचं, ते आपल्या भागातल्या तलाव-धरणांच्या आणि इथल्याच माशांच्या उदाहरणांनी सांगतो.

प्राणवायूचा जमाखर्च

हवेच्या एका लिटरमध्ये साधारण 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात तो विरघळून विरघळून किती मावणार? पाणी 20 अंशांचं असेल तर 9 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि 30 अंशांपर्यंत तापलं तर 7.5. म्हणजे माशाची जमा मुळातच तुटपुंजी, आणि उन्हाळ्यात तीही घटते. खर्च मात्र उलटा चालतो. माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याच्या शरीराला लागणारा प्राणवायू ढोबळमानाने दुप्पट होतो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर असतो, तेव्हा उथळ तलावातल्या माशाची काय ओढाताण होत असेल ते यावरून कळेल. रोहू-कटल्याला लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू मिळाला तर ते निवांत असतात. 3 च्या खाली गेला की त्यांचं खाण्यावरचं लक्षच उडतं, कारण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू खर्चावा लागतो. ज्याला जेवणच परवडत नाही त्याच्यापुढे हिंगाची कणीक धरून उपयोग नाही.

आता यात हिरव्या पाण्याची भर घाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरतं, काठच्या ऊसशेतीतली खतंही पावसाबरोबर वाहून येतात. नत्र आणि स्फुरद मिळालं की पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ फोफावतं आणि पाणी पोपटी-हिरवं होतं. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, त्यामुळे दुपारनंतर वरच्या थरात त्याची चंगळ असते. रात्री मात्र तेच शेवाळ माशांच्या वाट्याचा प्राणवायू ओढतं. रात्रभर साठा घटत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळाला पोचतो.

म्हणूनच "पहाटेच गेलं पाहिजे" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. हिवाळ्यात, स्वच्छ पाण्यावर, पावसाळ्यानंतर तो ठीक आहे. मे महिन्यातल्या हिरव्या पाण्यावर पहाटे पाचला गेलात तर मासे वर दिसतील, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासतील, आणि एकही गळाला लागणार नाही. ते खायला वर आलेले नसतात. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा हवेला लागून असतो, तिथे थोडा प्राणवायू मिळतो, तेवढाच घेण्यासाठी त्यांची धडपड चाललेली असते. अशा पाण्यावर सकाळी नऊ-दहानंतर किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर जास्त आशा असते.

वाराही असाच कामाचा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे लाटा फुटतात, पाणी घुसळतं, हवा मिसळते, वरचे किडे आणि सूक्ष्म जीवही तिकडेच ढकलले जातात. म्हणजे वारा पाठीशी घेऊन बसणारा सुखात असतो, पण मासा बहुधा समोरच्या काठाला. तिथे वारा तोंडावर घ्यावा लागतो, दोरी फेकताना शिव्या येतात, तरी जागा तीच चांगली.

आणखी एक गोष्ट दर वर्षी घडते. वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठाला मेलेल्या माशांचा खच. लगेच बातमी पसरते की कुणीतरी विष टाकलं. कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा कारण वेगळं असतं. उन्हाळ्यात तापलेलं हलकं पाणी वर राहतं आणि गार, जड पाणी तळाला. तळाच्या पाण्याला हवा लागत नाही आणि तिथला गाळ कुजत असतो, त्यामुळे तिथला प्राणवायू संपलेला असतो. गार पाऊस आणि वादळी वारा आला की वरचं-खालचं एक होतं आणि सगळ्याच पाण्यातला प्राणवायू एकदम खाली येतो. ओळखायचं कसं? प्राणवायूअभावी मेलेल्यांत मोठे मासे आधी जातात, घटना पहाटेची असते, तोंडं आणि कल्ले उघडे राहिलेले असतात, आणि मरळ बहुधा जिवंत सापडतो. विषाला लहान-मोठा, पहाट-दुपार काही कळत नाही.

मरळ जगतो, कारण त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं. दर थोड्या वेळाने वर येऊन तो हवा गिळतो. त्यामुळे बाकीचं पाणी मेल्यासारखं वाटत असताना, भर उन्हात, पाणवनस्पतींच्या कडेला जिवंत बेडकीवर नाहीतर रबरी बेडकावर मरळ येऊ शकतो.

तोंड बघितलं की जागा कळते

बाजारात मासा घेताना आपण डोळे आणि कल्ले बघतो. गळवाल्याने तोंडही बघावं.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, खालचा जबडा पुढे आलेला. हा वरच्या थरात फिरून पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांतल्या बारीक काड्यांनी गाळून खातो. त्याच्यासाठी तळाला गांडूळ टाकून बसणारा माणूस आशावादी म्हणायचा. कटल्याला हवं असतं ते पाण्यात विरघळत पसरणारं खाणं: शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, भाजलेलं पीठ. त्याचा गोळा आणि त्यात लपवलेले दोन-चार गळ, तोही तळाला न टेकवता मधोमध तरंगता. शेंगदाण्याची आपल्याकडे कमी नाही. चटणीला जातो त्यातून उरलेल्याचं तेल निघतं आणि तेलातून उरलेली पेंड कटल्याला आवडते.

रोहूचं तोंड पुढे पण किंचित खाली, ओठांना झालर. तो मधल्या थरात असतो, कुजलेलं वनस्पतींचं खाणं आणि दगडाला धरलेलं शेवाळ ओरबाडतो. मृगळाचं तोंड सरळ खाली, म्हणजे तळाचा गाळ चाळणारा. सायप्रिनस (कॉमन कार्प) हाही तळाचाच, पण त्याला ओठांशेजारी छोट्या मिशा असतात आणि तो चिखल उकरतो. काठाजवळच्या शांत पाण्यात अचानक गढूळ ढग उठताना आणि बुडबुडे येताना दिसले तर बहुधा तोच.

या सगळ्या जातकुळीला जठर नसतं आणि जबड्यात दातही नसतात. घशात असतात. म्हणून ते घास आधी ओढून घेतात, चव घेतात, नको वाटला तर थुंकतात, पुन्हा ओढतात. दोरीवरचं तरंगतं बूच दोनदा थरथरून थांबतं ते याच कारणाने. पहिल्या थरथरीला झटका दिलात तर रिकामा गळ हातात येतो. बूच आडवं होऊन सरकायला लागलं किंवा सरळ बुडालं की मग ओढायचं.

शिंगाडा या माशाचा मामला वेगळा. त्याच्या लांब मिशांवर चव घेणाऱ्या गाठी असतात, म्हणजे गढूळ पाण्यात आणि काळोखात त्याला दिसायची गरजच नाही. वास आणि चव यांवर तो तळाशी फिरतो, आणि घेतला की घेतलाच, थरथर वगैरे काही नाही, काठी पडायची वेळ येते. कोंबडीच्या आतड्याची चेष्टा करणाऱ्यांनी शिंगाडा मारायला जाताना ती पिशवी निमूटपणे उचलावी. वामही रात्रीचीच. दिवसा दगडांच्या सांदीत नाहीतर चिखलात अंग खुपसून बसते आणि अंधार पडल्यावर गांडुळाला येते.

राहिला चिलापी, म्हणजे तिलापिया. उजनीच्या काठचा बाजार आज बऱ्याच अंशी याच्यावर चालतो. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. त्याची मोझांबिक जात 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि नाईल जात त्यानंतर. तो काहीही खातो, गढूळ पाणी चालवून घेतो, आणि त्याच्या पिल्लांची काळजी बघितली तर तो सगळीकडे का पसरला ते कळतं. नर उथळ पाण्यात तळ उकरून वाटोळा खळगा करतो. मादी तिथे अंडी घालते, ती फळल्यावर सगळी तोंडात घेते आणि पिल्लं फुटून थोडी मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. त्या दिवसांत ती जवळपास उपाशीच असते. उजनीचं पाणी ओसरलं की वाळत चाललेल्या चिखलावर शेजारी शेजारी वाटोळे खळगे दिसतात ना, ती चिलापीची वसाहत. पाणी परत चढलं की त्या पट्ट्याची खूण लक्षात ठेवा.

गप्पा मारा, पाय आपटू नका

"बोलू नको, मासे पळतील" असं दटावणाऱ्यांसाठी एक आनंदाची बातमी आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटला की बहुतेक सगळा परततो, पाण्यात शिरतो तो नगण्य. तुमची राजकारणावरची चर्चा रोहूपर्यंत पोचत नाही. पण काठावर पाय आपटले, डबा दगडावर ठेवला, होडीच्या तळाला वल्हं लागलं, की तो धक्का जमिनीतून किंवा लाकडातून थेट पाण्यात जातो आणि पाण्यात आवाजाचा वेग हवेपेक्षा चौपटीहून जास्त असतो. त्यातही रोहू, कटला, मृगळ, शिंगाडा यांच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. फुगा थरथरला की हाडं ती थरथर कानाला पोचवतात. चिलापी आणि मरळ यांच्याकडे ही साखळी नाही, ते त्या मानाने बहिरट. शिवाय बहुतेक प्रत्येक माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ दिसते. त्या रेघेतल्या छिद्रांमधून त्याला पाण्याची जवळपासची हालचाल कळते, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी.

डोळ्यांचं गणितही मजेशीर आहे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला, चपटा झालेला का होईना, दिसतोच. खाली बसलात, दोन पावलं मागे सरलात, की तुम्ही त्या कडेच्या दाबलेल्या पट्ट्यात जाता आणि जवळजवळ नाहीसे होता. पाण्यावर सावली पडू देऊ नये हे जुने लोक सांगतात, ते शंभर टक्के खरं.

पावसाआधी मासा जास्त लागतो हाही जुना अनुभव. अनुभव खोटा नाही, पण त्याचं जे कारण सांगितलं जातं, हवेचा दाब कमी होतो म्हणून माशाच्या फुग्यावर परिणाम होतो वगैरे, ते हिशेबात बसत नाही. हवेचा दाब एक हेक्टापास्कल घटला तर त्याचा पाण्यातला परिणाम साधारण एक सेंटीमीटर वर सरकण्याइतका असतो. चांगलं वादळ येताना दाब पाच-दहा हेक्टापास्कलने उतरला असं धरा. म्हणजे वीतभर वर सरकल्यावर मासा जेवढा फरक सोसतो, त्याहूनही कमी. तो तर दिवसातून कितीतरी वेळा मीटर-दोन मीटर खाली-वर करतो. मग पावसाआधी होतं काय? ढग येऊन उजेड कमी होतो, त्यामुळे मासा उथळात यायला धजतो. वारा पाणी घुसळतो. किडे पाण्यावर पडतात. एवढं पुरेसं आहे, दाबाला मध्ये आणायचं कारण नाही.

उणे टक्क्यांत मासा कुठे जातो

उजनीचं धरण टेंभुर्णीजवळ भीमानगरला, 1980 साली पूर्ण झालेलं. वर्तमानपत्रात "उजनी उणे 30 टक्के" असं वाचून बाहेरगावचा माणूस चक्रावतो. सोलापूरकराला ते पाठ आहे, पण गळवाल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ सांगतो. धरणाची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी न वापरता राखून ठेवायच्या साठ्यात धरलेलं आहे. टक्के मोजायला सुरुवात होते ती या मृतसाठ्याच्या वरून. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, अर्ध्याहून अधिक पाणी अजून आत असतं, आणि त्याच्याही खाली गेलं की उणे.

पाणी भरलेलं असताना धरणाचा फुगवटा जुन्या शेतांवर, ओढ्यांवर, उठून गेलेल्या गावांच्या जागांवर पसरतो. तिथे बाभळींचे बुंधे आहेत, पडक्या भिंती आहेत, विहिरी आहेत, बांध आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, ते बघायला गर्दी होते; बाकीचे चौथरे बघायला कुणी जात नाही, पण मासे तिथेच राहतात. शेवाळ धरायला दगड, लपायला सांदी, दबा धरायला आडोसा. उन्हाळ्यात पाणी खाली असताना काठाने एक फेरी मारून कुठे चौथरा आहे, कुठे ओढ्याचं पात्र वळतं, कुठे बुंधे आहेत हे डोक्यात ठेवलं तर भरल्या पाण्यात त्याचा जितका फायदा होतो तितका कुठल्याही महागड्या रीळचा होत नाही. माझं हे मत ऐकून दुकानदार नाराज होतात.

पाणी उतरू लागलं की मासा उथळ पट्टे सोडून भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकतो. उणे आकडा वाढत जातो तशी तिथे गर्दी होते, म्हणून उन्हाळ्यात जाळ्यांना भरपूर मिळतं आणि लोकांना वाटतं यंदा मासळी वाढली. मासळी तेवढीच असते, फक्त कमी जागेत कोंबलेली. उलट पावसाळ्यात दौंडकडून विसर्ग वाढला की पाणी दिवसागणिक चढतं, नव्याने बुडालेल्या जमिनीवरची गांडुळं-किडे उघडे पडतात आणि मासा अक्षरशः कालच्या काठावर चरायला येतो. अशा दिवसांत लांब फेकणारे उपाशी राहतात आणि गुडघाभर पाण्यात टाकणाऱ्या पोराला मिळतं.

खालच्या अंगाला पंढरपूरपासून औज बंधाऱ्यापर्यंत नदी ही धरणातून पाणी सोडण्यावर जगते. पाणी सुटलं की पात्र वाहतं, थांबलं की डबकी राहतात. वाहत्या पाण्याच्या पहिल्या दोन दिवसांत बंधाऱ्याखाली मासा जोरात असतो. पण तिथे पाणी अचानक वाढतं, पात्रात मधल्या खडकावर बसू नये.

हिप्परग्याचा तलाव म्हणजे एकरूख, 1871 सालचा. उजनीच्या मानाने तो उथळ आणि लहान, त्यामुळे तिथे वर सांगितलेला प्राणवायूचा खेळ जास्त तीव्र होतो.

चढणीचे मासे आणि जाळ्याचा डोळा

मृगाच्या पावसाने ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. शेताच्या बांधापर्यंत, रस्त्याखालच्या नळीपर्यंत येतात आणि लोक टोपल्या, साड्या, काठ्या घेऊन धावतात. या गप्पा सगळ्यांत रंगतात. "हाताने धरले, हाताने!"

ते हाताने धरता येतात, कारण त्या वेळी त्यांचं लक्ष जिवाकडे नसतं. पोटात अंडी असतात. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी भरतात. नवं पाणी, प्रवाह, गढूळपणा, उतरलेलं तापमान हे सगळं जमलं तरच अंडी सुटतात. रोहू-कटला-मृगळ साठलेल्या तलावात वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. तलावात मासा असतो तो मत्स्यबीज सोडलं म्हणून. ते बीज तयार करण्याची युक्ती म्हणजे माशाला ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावायचं. ती भारतात डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात यशस्वी केली. 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो तो त्यामुळेच. केंद्रात अंड्यांपासून जिरं, मग बोटुकली, आणि बोटाएवढी झाली की धरणात. चढणीचा एक पोटुशी मासा टोपलीत गेला की नदीने फुकट दिलेलं केवढं बीज गेलं याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी चढणीचे मासे खाल्लेले आहेत आणि ते चवीला उत्तम असतात, हेही सांगून टाकतो. हल्ली घेत नाही.

मरळाच्या बाबतीत तर याहून वाईट. मरळाची पिल्लं पृष्ठभागावर लालसर झुंडीने फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. त्या झुंडीवर गळ नाचवला की राखणदार चिडून चावतो. तो भुकेने येत नाही, हुसकायला येतो. मारणारा मोठा मासा मारल्याची फुशारकी मारतो आणि मागे राहिलेली पिल्लं तासाभरात बाकीचे मासे, बगळे, ढोक फस्त करतात.

जाळ्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. पाण्यात उभं लावून ठेवायचं तंगुसाचं जाळं मासा गोळा करत नाही, निवडतो. डोकं आत जातं, अंग जात नाही, मागे यायला गेला की कल्ल्यात दोरा अडकतो. मुठीवरून चढलेली बांगडी मनगटातून परत निघत नाही तसं. याचा अर्थ जाळ्याच्या डोळ्याचं, म्हणजे भोकाचं माप ठरलं की माशाचं मापही ठरतं. बारका निसटतो, फार मोठा आपटून फिरतो, मधला सापडतो. डोळा मोठा ठेवला तर एकदा तरी अंडी घातलेला मासाच हाती येतो. उजनीवर ज्या वडाप नावाच्या जाळ्याच्या नावाने दर वर्षी ओरड होते, त्याचा दोष हाच की त्याचा डोळा इतका बारीक की बोटुकलीसुद्धा सुटत नाही. सरकारी किंवा सहकारी पैशाने सोडलेलं बीज महिन्या-दोन महिन्यांत सुकटीच्या भावाने विकलं जातं. त्यात नुकसान होतं ते पिढ्यान्‌पिढ्या होडीवर जगणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांचं, हौशी गळवाल्यांचं नव्हे.

सुरुंग आणि विष यांबद्दल फार लिहायची इच्छा नाही. 1897 च्या इंग्रजी अमदानीतल्या मत्स्य कायद्यानेच ते गुन्हा ठरवले आणि आजही गुन्हाच आहेत. सुरुंगाने माशांचे फुगे फुटतात, बरेचसे तळाला जाऊन कुजतात, वर तरंगतात ते थोडेच. पाण्यात करंट सोडणाऱ्यांचं तर स्वतःचंच मरण जवळ असतं. गळाची हौस असली तरी धरण-तलावावर ठेका किंवा परवान्याची पद्धत असते आणि विणीच्या काळात मनाई असते, म्हणून जाण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात नाहीतर स्थानिक संस्थेत विचारून घ्यावं.

काठावरून माळावर

माशांच्या गप्पा तासभर चालल्या की कुणीतरी सशाचा, तितराचा विषय काढतोच. इथे मात्र गप्पांना कायदा आडवा येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर तर परवान्याची हौशी शिकारही बंद झाल्याने, ससा, तितर, रानडुक्कर, काळवीट यांतलं काहीही हौस म्हणून मारता येत नाही. फक्त मारणंच नव्हे, फासा लावणं, हाकारा करणं, आमिष ठेवणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्यात येतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तीत साधा दंड 25 हजारांवरून एक लाखापर्यंत गेला. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला, किंवा अभयारण्याच्या हद्दीत कुठल्याही प्राण्याला हात लावला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर. जाळ्यात किंवा गळाला चुकून कासव आलं तर तेही याच कायद्याखाली येतं. दोरी कापून सोडून द्यायचं.

फासे लावण्याचं आणि पक्ष्यांचा आवाज काढून त्यांना जवळ बोलावण्याचं थक्क करणारं ज्ञान फासेपारध्यांकडे होतं, त्यांच्या म्हाताऱ्यांकडे अजून आहे. गुन्हा घडला की संशय मात्र आधी त्यांच्यावर जातो आणि जीपला सर्चलाइट लावून फिरणारे शहरी हौशी सुटतात, ही गोष्ट माळावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. शेतात डुकरांसाठी वीज सोडलेली तार हा तर सगळ्यांत वाईट सापळा, तो डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही.

हातात आल्यावर

मासा परत सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो, कोरड्या हाताने किंवा फडक्याने तो निघतो. दमवून दमवून खेळवण्यात मर्दुमकी नाही. फार वेळ झुंजलेल्या माशाच्या अंगात आम्ल साठतं आणि तो पोहून गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो, उन्हाळ्यात विशेष. परदेशी मांगूर गळाला आला तर मात्र त्याला पाण्यात परत सोडू नये. त्याच्या पालनावर 2000 सालापासून देशात बंदी आहे आणि तो मूळच्या माशांना खाऊन टाकतो.

शिंगाड्याला धरताना त्याचे तीन काटे लक्षात ठेवा, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही कल्ल्यांमागे. हे काटे उभे होऊन अडकतात आणि जोर लावून मिटत नाहीत. पुढून, कल्ल्यांमागच्या काट्यांच्या मागे बोटं येतील असं धरायचं. पायाने दाबायला गेलात तर चपलेतूनही घुसतो. वामीच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, तिला शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवू नये.

होडीतून जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उजनीच्या रुंद पाण्यात जाऊ नका. वळवाचा वारा पाच-दहा मिनिटांत उठतो आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात घाला, बसायला गादी म्हणून वापरू नका. पश्चिमेला काळं दिसू लागलं की दोरी गुंडाळून काठ गाठायचा, बुचाला कितीही हिसके बसत असोत.